टॅनर क्रीकला ताप येतो

"एकाहत्तर!" स्वयंपाकघराचं दार ढकलत ओडेल मेसर म्हणाला आणि घरातलंच कुणी अंथरुणाला खिळल्यासारखा खुर्चीत बसला.

त्याची बायको व्हर्ना अंडी परतत होती. तिने मान वळवली नाही. "कुणाला?"

"ओढ्याला."

"मग आज तू मोकळाच असशील. ओसरीवरचा झोपाळा करकरतोय."

"अगं, मी काय सांगतोय? एकाहत्तर! आज सकाळी सहा वाजता! अजून जुलै उजाडायचाय!"

"मी ऐकलं. तेलाची बाटली जिन्याखाली आहे."

व्हर्ना तीस वर्षं शाळेत नर्स होती. आकडे ऐकून घाबरण्याचे तिचे दिवस केव्हाच संपले होते. ओडेलचे मात्र संपले नव्हते. मेपल गॅपमध्ये त्याचं गळांचं दुकान होतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून तो नकली मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे आणि झाडावरून टपकणाऱ्या हिरव्या अळ्या करायचा, आणि त्या इतक्या हुबेहूब व्हायच्या, की दुकानात जाळी विणून बसलेल्या कोळ्यांचीही फसगत व्हायची. पण गावात त्याला मान होता तो या कारागिरीमुळे नाही, तर दुकानाबाहेरच्या फळ्यामुळे. रोज सकाळी सहाला जुन्या गिरणीच्या पुलाखाली उतरून तो ओढ्यात थर्मामीटर धरायचा आणि मग फळ्यावर खडूने लिहायचा: पाणी किती गार, किती खोल, किती नितळ, आणि ओढ्यातला ट्राउट मासा आज काय खाईल. सात वाजता गावच्या रेडिओवर लॉयड आधी मयतांची नावं वाचायचा, मग ओडेलचं पाणी, मग हवामान.

एकतीस वर्षांत त्या फळ्यावर एकदाही खोटा आकडा चढला नव्हता. बाकीचे दुकानदार धंदा पडला, की 'पाणी फर्स्ट क्लास' असं लिहून मोकळे होतात. ओडेलने ओढा आटला तेव्हा 'आटला' असंच लिहिलं आणि महिनाभर दुकानात एकटा बसून राहिला. त्याच्याकडे जमीन नव्हती, पैसा बेताचाच होता, आवाज तर असा होता, की चर्चमध्ये त्याला मुद्दाम मागच्या रांगेत बसवत. पण 'ओडेलने लिहिलंय' म्हटलं की वाद मिटायचा. ती त्याची सगळी कमाई होती, आणि मनातल्या मनात तो तिच्यावर भलताच खूश असायचा.

आता एकाहत्तरला एवढं घाबरायचं का, तर अडुसष्ट अंश फॅरनहाइट ही गावाची मर्यादा होती. अकरा वर्षांपूर्वी असाच एक कोरडा उन्हाळा आला होता आणि टॅनर क्रीकमध्ये ट्राउट पोट वर करून तरंगायला लागले होते. ट्राउटला गार पाणी लागतं. पाणी तापलं, की त्याचा श्वास आधीच कोंडतो. त्यात तो गळाशी झगडला, की तुम्ही कितीही हळुवार हाताने परत सोडा, तासाभरात मरतो. तेव्हा गावच्या सगळ्या गळवाल्यांनी चर्चच्या तळघरात हात वर करून शपथ घेतली, की ओडेलच्या फळ्यावर अडुसष्टच्या वर आकडा दिसला, तर तो उतरेपर्यंत कुणीही ओढ्यात दोरी टाकायची नाही. ज्याला अगदीच राहवणार नाही, त्याने खाली मोठ्या नदीवर जाऊन बास मासे मारावेत. शपथ पाद्री ट्रुएट हूपर यांनी दिली आणि सगळ्यांत उंच हातही त्यांचाच होता.

तर त्या मंगळवारी पुलाकडे जाताना एक बारीकशी गोष्ट घडली होती. ओडेलच्या ट्रकच्या मागच्या फळीवरून थर्मामीटर खाली खडीवर पडला. त्याला पोलादी नळीचं कवच होतं. ओडेलने तो उचलला, कानाशी नेऊन हलवला, काच शाबूत आहे हे पाहिलं आणि देवाचे आभार मानले. तिथून तो पुलाखाली उतरला, आणि पाण्याने एकाहत्तर दाखवले.

त्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत चढलं, 'एकाहत्तर. ट्राउटला दम खाऊ द्या.' दुसऱ्या दिवशी सत्तर. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकाहत्तर. आठवड्याच्या शेवटी गळवाल्यांच्या मंडळाने ओढ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक पायवाटेवर पाट्या ठोकल्या. शेजारच्या गावाने आपली मासेमारीची स्पर्धा रद्द केली. चर्चच्या वार्षिक स्नेहभोजनाला, म्हणजे गाव सोडून गेलेली माणसं ज्या रविवारी परत येतात त्या दिवशी, अंगणात तळलेले ट्राउट असतात. पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून जड आवाजात जाहीर केलं, की यंदा तळ्यात पाळलेले कॅटफिश आणावे लागतील. सगळी सभा 'अरेरे' म्हणाली.

आणि मेपल गॅपमधले पुरुष घरी राहू लागले.

एरवी जुलैत हे लोक पहाटे बाहेर पडत ते जेवायच्या वेळेला, ओले आणि भुकेले, घरी उगवत आणि मग कोचावर आडवे होत. आता सकाळी साडेआठ-नऊलाच हातोडे वाजायला लागले. ड्यूई क्रिस्प हा गावचा सुतार. त्याच्या स्वतःच्या घराला चौदा वर्षं मागचं दार नव्हतं, ते बसलं. लॉयडने गटारं साफ केली. पाद्रीबाबा तर पहाटे उठून टेकडीवर प्रार्थनेला जाऊ लागले आणि परत येऊन बायकोला भांडी पुसायला मदत करू लागले. सगळ्यांनी मिळून चर्चचं गळकं छप्पर उतरवलं आणि नवं घालायला घेतलं. हे छप्पर गेली सहा वर्षं 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' होणार होतं.

"गावाला काय झालंय कळत नाही," पाद्रीबाबांची बायको नोला व्हर्नाला म्हणाली. "काल ट्रुएटने विचारलं, 'तू दमलीस का?' लग्नाला अडतीस वर्षं झाली गं!"

ओडेलचा मात्र जीव कासावीस झाला होता. जुलैतली सकाळ म्हणजे त्याचा सण. लॉरेलच्या झुडपांतून धुकं उठतं, पिवळ्या माश्या पाण्यावर उतरतात आणि दगडामागून एक सोनेरी पाठ हळूच वर येते. हे सगळं तो रोज पुलावरून पाहायचा आणि हात खिशात घालून परत फिरायचा. झोपाळ्याला तेल देऊन झालं. जिन्याच्या पायऱ्या झाल्या. मग त्याने व्हर्नाच्या बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावला.

एक गोष्ट त्याला उमगत नव्हती. दुकान चाललं होतं. फळ्यावर एकाहत्तर असताना दुकान ओस पडायला हवं. पण नकली मुंग्या आणि हिरव्या अळ्या हातोहात संपत होत्या. ड्यूई म्हणाला, पुढच्या वसंतासाठी घेतोय. लॉयड म्हणाला, भाच्याला भेट द्यायच्यात. पाद्रीबाबांनी डझनभर मुंग्या घेतल्या आणि, "देवाची निर्मिती जवळून पाहावी म्हणतो," असं म्हणाले. ओडेलला भरून आलं. मासे धरायला मिळत नसतानाही लोक आपल्या दुकानाला जगवताहेत, असं त्याला वाटलं. रात्रंदिवस बसून त्याने गळांवर आणखी नकली माश्या बांधल्या.

तीन आठवडे असे गेले. स्नेहभोजनाच्या आधीच्या गुरुवारी सकाळी ओडेलने थर्मामीटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि तो हात धुवायला गेला. परत आला तेव्हा व्हर्ना चष्मा लावून त्या थर्मामीटरकडे पाहत होती.

"ओडेल, या खोलीत किती गरम असेल?"

"चांगलं गार आहे की."

"हा म्हणतोय अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर असते तर माझं लोणी बशीतून चालत गेलं असतं." तिने थर्मामीटर खिडकीकडे धरला. "इकडे ये. ही लाल रेघ बघ. इथे काय दिसतंय?"

"लाल रेघ."

"चष्मा लाव."

ओडेलने चष्मा लावला. लाल रेघ वर चढत होती, मध्ये केसाएवढ्या दोन-तीन फटी होत्या, आणि तिचा वरचा तुकडा तुटून वरच अडकून बसला होता.

"पडला होता का हा कुठे?"

त्याचा चेहराच उत्तर देत होता.

"असा थर्मामीटर माझ्याकडे असता ना," व्हर्ना म्हणाली, "तर मी अर्धी शाळा तापाने घरी पाठवली असती."

तिने पाक मोजायचा आपला थर्मामीटर काढला आणि दोन्ही एका पेल्यातल्या पाण्यात उभे केले. तिचा म्हणाला पासष्ट. ओडेलचा म्हणाला एकाहत्तर. मग तिने ओडेलचा थर्मामीटर बर्फ-मिठात रोवला. लाल रेघ निमूटपणे खाली उतरली, फटी मिटल्या, आणि पुन्हा पाण्यात धरल्यावर तोही शहाण्यासारखा पासष्टवर येऊन थांबला.

ओडेल मटकन खाली बसला. "तीन आठवडे! व्हर्ना, ओढा तीन आठवडे उत्तम होता! मी अख्ख्या गावाला घरी कोंडलं! स्पर्धा रद्द झाली! कॅटफिश आणताहेत!"

"कोंडलं म्हणून तर छप्पर होतंय."

"मी आत्ताच फळ्यावर लिहितो." तो टोपी शोधू लागला.

"बैस खाली. छपराचा उत्तरेकडचा उतार अजून उघडा आहे. तू 'पासष्ट' लिहिलंस, की घटकाभरात त्या छपरावर एक तरी माणूस उरेल का?"

ओडेल घुटमळला. तेवढ्यात व्हर्नाने फोन उचलला, आणि दहा मिनिटांत नोला पीचच्या गरमागरम पुडिंगचा वाडगा घेऊन दारात हजर झाली.

"ओडेल, फक्त उत्तरेकडचा उतार," ती म्हणाली. "रविवारी गावोगावची माणसं येणार. पाऊस आला तर पियानोवर पडेल."

"नोला, मी खोटं लिहिणार नाही. एकतीस वर्षं लिहिलेलं नाही."

"खोटं लिही म्हणतंय कोण? काहीच लिहू नकोस. मोजलंच नाहीस तर खोटं कुठून आलं?"

ओडेलने या वाक्यात कुठे भोक आहे का ते पाहिलं. त्याला सापडलं नाही. पुडिंग छान झालं होतं. "रविवारी मात्र सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार," तो म्हणाला. "मग गावाने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल." शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज खरोखरच कापला, कारण ते त्याला अजिबात चालणार नव्हतं.

शुक्रवारी एकतीस वर्षांत प्रथमच फळा कोरा राहिला.

सात वाजता लॉयडने रेडिओवर मयतांची नावं वाचली. त्या दिवशी दोन होती. मग त्याला ओडेलच्या पाण्याचा कागद सापडेना. "आणि ओडेल मेसर…" असं म्हणून तो कागद चाळत राहिला. बराच वेळ शांतता. "…आज आपल्यात नाही." आणि लागलीच हवामान.

आठ वाजायच्या आत पहिलं भांडं आलं. आमच्या डोंगरात माणूस गेला, की त्याच्या घरच्यांना रडायला नंतर मिळतं, आधी खावं लागतं. बटाट्याचं सॅलड आलं, मसाला भरलेली अंडी आली, बीन्सच्या दोन पराती आल्या. व्हर्ना अंगणात फुलं तोडत होती. येणाऱ्याला ती काही बोलायच्या आत भांडं हातात देऊन, मिठी मारून, डोळे पुसत लोक परत जात होते. शेवटी ड्यूई क्रिस्प आला. टोपी छातीशी, काखेत डुकराच्या मांडीची आख्खी हॅम. झोपाळ्यावर ओडेल बसला होता.

ड्यूई पायरीवरच थबकला. "तू जिवंत आहेस?"

"दिसतोय तसा."

"लॉयड म्हणाला…" ड्यूईने हॅमकडे पाहिलं. "मग ही मी परत नेऊ का?"

"व्हर्नाला विचार."

पण व्हर्नाने एव्हाना हॅम आत नेऊन फ्रिजमध्ये ठेवली होती. ड्यूई नाइलाजाने झोपाळ्यावर टेकला. "फळा का कोरा?"

"आज मोजलं नाही."

"का?"

ओडेलला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायला बंदी होती. तो म्हणाला, "ड्यूई, गेले तीन आठवडे या ओढ्यावर जे काही चाललंय, ते मला कळलंय. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे."

ड्यूईचा चेहरा हॅमच्या चरबीसारखा पांढरा पडला. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"ना-नावं घेऊन?"

"एकच नाव आहे, ड्यूई. दोष एकाच माणसाचा. त्या माणसाचं नाव घेणार."

ड्यूई उठला. टोपी उलटी घातली आणि गेला. ओडेल हळहळला. 'बिचाऱ्याला माझी किती काळजी!' असं तो व्हर्नाला म्हणाला.

शनिवारी तर रांगच लागली. लॉयड आला, रेडिओवरच्या घोटाळ्याबद्दल माफी मागून झाल्यावर हळूच म्हणाला, "ओडेल, त्या माणसाला बायका-मुलं असतील, याचा विचार केलास का?" ओडेल म्हणाला, "बायको आहे. तिला सगळं ठाऊक आहे. तिनेच पकडलं." लॉयड पाणी न पिता निघून गेला. संध्याकाळी पाद्रीबाबा स्वतः आले. क्षमेवर बरंच बोलले. मोठमोठ्या संतांचेही पाय कसे घसरले आणि देवाने त्यांना कसं जवळ घेतलं, हे त्यांनी उदाहरणांसह सांगितलं.

"तो माणूस गावातला मानाचा असेल, ओडेल, तर?"

"मानाचाच होता, पाद्रीबाबा," ओडेल खाली मान घालून म्हणाला. "उद्यापासून राहील की नाही, देव जाणे."

पाद्रीबाबांनी रुमालाने मान पुसली. तिथून ते थेट चर्चवर गेले आणि शिडी चढून छपरावर खिळे मारू लागले. वर आधीच सगळे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, नुसती ठोकाठोक. उत्तरेकडचा उतार सोमवारपर्यंत रखडेल असं वाटत होतं. तो शनिवारी दिवस मावळायच्या आत पुरा झाला, आणि कुणीतरी न सांगता घंटेचा मनोराही रंगवून टाकला.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. बाहेर गेलेली मुलं-नातवंडं आली होती, अंगणात लांब टेबलं मांडली होती, कॅटफिश तळायची कढई तापत होती. प्रवचन पाद्रीबाबांनी इतकं लांबवलं, की म्हाताऱ्या मंडळींनी घड्याळं कानाला लावली. पण प्रवचन कधीतरी संपवावंच लागतं. "कुणाला… काही सांगायचंय का?" ते म्हणाले, आणि त्यांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली.

ओडेल उठला. सगळे पुरुष बुटांकडे पाहत होते.

"मंडळी, तुम्ही तीन आठवडे माझ्या फळ्यावर विश्वास ठेवलात," तो म्हणाला. "एकाहत्तर म्हटलं, तुम्ही एकाहत्तर मानलंत. आवडती गोष्ट सोडून घरी बसलात. तुमची शपथ तुम्ही पाळलीत. आणि मी…" त्याने व्हर्नाकडे पाहिलं. "माझा थर्मामीटर पडून बिघडला होता. सहा अंश जास्त दाखवत होता. ओढ्याला काहीही झालेलं नव्हतं. तुम्ही खुशाल मासे धरू शकत होतात. दोष फक्त माझा आहे. ओडेल मेसरचा. मला क्षमा करा."

दुसऱ्या रांगेतून ड्यूईचा घोगरा आवाज आला. "म्हणजे… पाणी किती होतं म्हणालास?"

"पासष्ट. एखाद्या दिवशी चौसष्ट."

"म्हणजे सोडलेले मासे मेले नाहीत?"

"कोण सोडलेले?"

पण ड्यूईने पुढच्या बाकावर कपाळ टेकलं होतं. "सुटलो रे देवा!" तो जवळजवळ रडत म्हणाला. "तीन आठवडे झोप नाही! प्रत्येक माशाला पाच-पाच मिनिटं हातात धरून पाणी पाजत होतो!"

"ड्यूई!" त्याची बायको किंचाळली. "तू तर पहाटे लाकूड आणायला जात होतास!"

"मीही धरून ठेवायचो," मागून लॉयड नकळत बोलून गेला, आणि बोलून गेल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला. मग दक्षिणेकडच्या खिडकीपाशी कुणीतरी 'आमेन' म्हटलं, उत्तरेकडून कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला, आणि बघता बघता सगळ्या चर्चभर पुरुषांचे जीव भांड्यात पडू लागले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच पापी. ड्यूई पुलापासून बराच खाली, वळणापलीकडे जायचा, लॉयड धबधब्याच्या वर, कुणी लॉरेलच्या जाळीत. पुलावर सहाला ओडेल येतो म्हणून तेवढा पूल सगळ्यांनी टाळला होता. आणि चोरून धरायचे म्हणून आठच्या आत घरी. त्यामुळेच साडेआठ-नऊला हातोडे वाजत होते.

नोलाने सावकाश मान वर केली. "ट्रुएट, तू टेकडीवर प्रार्थनेला जात होतास ना?"

"प्रार्थनाच होती, नोला," पाद्रीबाबा म्हणाले. "हात वरच होते. एका हातात गळाची काठी होती, एवढंच."

ओडेल अजून उभाच होता. हा सगळा प्रकार त्याच्या डोक्यात हळूहळू शिरत होता. पुढच्या वसंतासाठी घेतलेल्या मुंग्या शिरल्या. भाच्याच्या भेटी शिरल्या. "थांबा," तो म्हणाला. "फळ्याप्रमाणे वागलं कोण? ज्याने तीन आठवड्यांत ओढ्यात एकदाही दोरी टाकली नाही, त्याने हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. पाहुण्यांनीसुद्धा केला नाही, उगाच गैरसमज नको म्हणून. तेव्हा व्हर्नाने शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात उंच केला.

आधी नोला हसली. मग सगळ्या बायका हसल्या. मग सगळं चर्च असं हसलं, की छप्पर नवं होतं म्हणूनच टिकलं. ओडेलला वाईट वाटलं, खरंच वाटलं. एकतीस वर्षांचा शब्द गावाने पहाटेच्या पहाटे पायदळी तुडवला होता. पण तो त्यांच्याकडे पाहत होता आणि ते त्याच्याकडे इतक्या कृतज्ञ नजरेने पाहत होते, की त्याला रागावताही येईना. ज्याच्यापुढे पाप लपवलं, त्याच माणसाने उभं राहून ते पाप नव्हतंच असं सांगितलं होतं. असा माणूस रोज भेटत नाही.

"शिक्षा झाली पाहिजे," व्हर्ना म्हणाली, आणि ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. "आजची सगळी भांडी पुरुषांनी घासायची. पराती, कढया, सगळं. आणि आज संध्याकाळपर्यंत ओढा एकट्या ओडेलचा."

"आमेन," पाद्रीबाबा म्हणाले. दुसरं काही म्हणायची त्यांची पत उरली नव्हती.

ओडेलने दोन घास खाल्ले आणि घरी जाऊन काठी आणि माशांची टोपली घेतली. तीन आठवड्यांनी तो पाण्यात उतरला. पाणी पोटरीला लागलं तेव्हा त्याने डोळेच मिटले. ओढा उथळ होता, काचेसारखा नितळ. लॉरेलची सावली पडलेल्या डोहात एक मोठा ट्राउट शेपटी हलवत उभा होता. ओडेलने श्वास रोखून काळी मुंगी त्याच्या नाकापुढे अलगद उतरवली. ट्राउटने ती पाहिली, ओळखली आणि तो बाजूला झाला. ओडेलने भुंगेरा टाकला. हिरवी अळी टाकली. नाकतोडा टाकला. पुढच्या डोहात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. त्याच्या हातच्या बांधलेल्या प्रत्येक नकली माशीच्या गळाचं टोक त्या ओढ्यातल्या प्रत्येक माशाला तीन आठवड्यांत एकदा तरी बोचलं होतं. एका ट्राउटने तर, ओडेलला शपथेवर वाटलं, माशी येताना पाहून वाट मोकळी करून दिली.

पाचपर्यंत त्याला एकही मासा लागला नाही. तो एका दगडावर पाय पाण्यात सोडून बसला, व्हर्नाने दिलेला हॅमचा तुकडा खाल्ला आणि एकटाच हसला. ओढा सुखरूप होता, मासे जिवंत होते आणि हुशारही झाले होते. संध्याकाळच्या उन्हात त्याला फार बरं वाटलं.

तो चर्चच्या अंगणात परतला तेव्हा कॅटफिशच्या कढया अजून घासून संपल्या नव्हत्या. ड्यूई, लॉयड आणि पाद्रीबाबा कोपरापर्यंत साबणात बुडालेले होते. त्याला पाहताच सगळे थांबले.

"ओडेल," ड्यूईने घसा खाकरला. "किती लागले?"

ओडेलने त्यांच्याकडे पाहिलं. साबणाचे हात, आशाळभूत चेहरे. त्याने काठी खांद्यावर नीट केली.

"एकोणीस," तो म्हणाला. "मोठे तेवढेच मोजले."

कुणीतरी कण्हलं. लॉयडच्या हातातली परात निसटून गवतावर पडली. पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले. व्हर्ना टेबलापाशी टेबलक्लॉथच्या घड्या घालत होती. तिने नवऱ्याच्या रिकाम्या टोपलीकडे एकदा पाहिलं आणि ती पुढची घडी घालू लागली. त्या अंगणात शंका मात्र एकानेही काढली नाही, कारण ओडेल मेसर खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला पक्कं ठाऊक होतं.